आधी बेंच, मग धार, मशीन सगळ्यात शेवटी

घरी सुतारकाम सुरू करायचंय, पहिलं मशीन कुठलं घेऊ? हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. माझं उत्तर ठरलेलं आहे, मशीन राहू दे, आधी बेंच (सुतारकामाचं टेबल) कर आणि धार लावायला शीक. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो कारण बहुतेक वेळा त्याच्या ऑनलाइन कार्टमध्ये एखादी सर्क्युलर सॉ (गोल पात्याची मशीन करवत) जाऊन बसलेली असते. पण मी हे अगदी मनापासून सांगते. फळी हलतेय, पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) बोथट आहे, उजेड पाठीमागून येतोय, अशा अवस्थेत कितीही भारी मशीन आणलं तरी काम मनासारखं होत नाही आणि मग माणूस कंटाळून सगळं माळ्यावर टाकतो. तसं कुणाचं होऊ नये.

आमचं पुण्यात रो हाउस आहे आणि खाली शटरवालं पार्किंग आहे, १० बाय १४ फूट, तिथे मी माझं वर्कशॉप केलंय, गाडी बाहेर उभी असते. एवढी जागा भरपूर झाली. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे वाचून नाराज होऊ नये, हातहत्यारांनी काम करणार असाल तर मोठी बाल्कनी किंवा एक रिकामी खोली पुरते. फक्त दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे ८ फुटी फळी आत आणता आणि फिरवता यायला हवी, आणि दुसरं म्हणजे आवाज. रंध्याचा आवाज शेजारी जात नाही, करवतीचा थोडा जातो, पण मोगरीने (लाकडी हातोड्याने) पटाशी ठोकायला लागलात की तो दणका स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. बेंचच्या पायाखाली जाड रबर टाका, आणि खालच्या काकूंना आधीच सांगून ठेवा की दुपारी चार ते सहा मी ठोकाठोक करणारे. सांगून केलं की लोक समजून घेतात हा माझा अनुभव आहे.

आता बेंच. आपले सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून धरून काय सफाईने रंधा मारतात ते बघत राहावंसं वाटतं. पण ती बैठक लहानपणापासून अंगात मुरलेली असते, तिशी-चाळिशीत सुरू करणाऱ्याच्या कमरेला आणि गुडघ्यांना ते झेपत नाही, आपल्याला उभं राहूनच काम करायचंय. मग बेंच उंचीला किती? हात सरळ खाली सोडून उभं राहायचं, जमिनीपासून मनगटाच्या सांध्यापर्यंत जितकं अंतर भरेल तितका उंच. माझा ३३ इंच आहे. स्वयंपाकाचा ओटा जसा करणाऱ्याच्या उंचीचा असला तरच कंबर शाबूत राहते तसंच हे, त्यामुळे इंटरनेटवरचं माप डोळे झाकून घेऊ नका.

टॉपसाठी सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय सांगते. ८ बाय ४ ची १८ एमएम प्लायची एक शीट घ्या. दुकानदाराकडूनच आधी ६ फुटावर आडवी कापून घ्या आणि मग तो ६ फुटाचा तुकडा मधोमध उभा कापून घ्या. ६ बाय २ चे दोन तुकडे झाले, ते फेविकॉल लावून एकमेकांवर बसवायचे आणि खालच्या बाजूने स्क्रू मारायचे, झाला ३६ एमएमचा दणकट टॉप. उरलेल्या ४ बाय २ च्या तुकड्यात बेंच हुक (कापताना लाकूड अडवून धरणारी पाटी), शूटिंग बोर्ड (कडा काटकोनात रंधायची पाटी) आणि खालचा छोटा कप्पा निघतो. प्लाय घरातल्या कोरड्या जागेसाठी आयएस ३०३ वालं चालतं, ७१० म्हणजे मरीन, ते जिथे पाणी लागणार तिथे, बेंचला त्याचे पैसे घालवायची गरज नाही. शीट घेताना मात्र बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा, मध्येच पोकळ आवाज आला तर आत गॅप आहे, दुसरी मागा. संकोच करू नका, पैसे आपण देतोय.

पाय जड पाहिजेत. बेंच हलला तर त्याच्यावर बाकी काहीही चांगलं असून उपयोग नाही. पायांना आणि आडव्या पट्ट्यांना जमत असेल तर खाच-कुसू (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा) करा, नाहीतर १० एमएमचे बोल्ट लावा, त्यात काहीही कमीपणा नाही आणि शिवाय घर बदललं तर खोलून नेता येतो. वाइस, म्हणजे फळी जबड्यात आवळून धरणारा शिकंजा, एकच घ्या पण सुताराचाच घ्या, लोहारकामाचा नको, त्याचे दातेरी जबडे लाकडाला चावतात. ७ किंवा ९ इंची, डाव्या बाजूला पुढच्या कडेला बसवायचा (डावखुरे असाल तर उजवीकडे) आणि दोन्ही जबड्यांना आतून लाकडी पट्ट्या लावायच्या. होल्डफास्टसाठी (भोकात ठोकून फळी दाबून धरणारा लोखंडी आकडा) १९ एमएमची भोकं पाडणार असाल तर तिथे टॉपच्या खाली एक जाड तुकडा चिकटवून घ्या कारण ३६ एमएममध्ये होल्डफास्टची पकड नीट बसेलच असं नाही.

लाईटचं थोडक्यात. डोक्यावर एलईडी ट्यूब असतेच, पण त्याशिवाय एक साधा दिवा बाजूने, बेंचच्या पातळीला जवळजवळ आडवा पडेल असा लावा. वरून आलेल्या उजेडात फळी एकदम सपाट दिसते, आडव्या उजेडात रंध्याची प्रत्येक रेघ, प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि लपायला जागा उरत नाही.

आता माझ्या आवडीचा विषय, धार. नवीन पटाशी दुकानातून आणली की ती कामाला तयार असते असा आपला समज असतो. नसते. फॅक्टरीत फक्त ढोबळ आकार दिलेला असतो, धार आपण लावायची असते. भारी वॉटर स्टोन मिळतात, घ्यायचे तर घ्या, पण सुरुवातीला १० किंवा १२ एमएम जाडीची काच (काचवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, कडा घासून मागा) आणि त्यावर वॉटर पेपर, ४००, ८००, १५००, २००० नंबरचे, एवढ्यावर दाढी करता येईल अशी धार येते. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, पुढचा इंचभर भाग आरशासारखा होईपर्यंत घासायची. हे कंटाळवाणं आहे पण एका पटाशीला एकदाच करावं लागतं. मग उतार २५ अंशाचा, आणि अगदी टोकाला ३० अंशाची बारीक दुसरी धार. घासता घासता पाठीवर बर, म्हणजे पोलादाची बारीक दुमडलेली कड येते, अंगठा पात्याकडून कडेकडे हळूच फिरवला की ती नखाला अडकल्यासारखी जाणवते. बर पूर्ण रुंदीवर आली की समजायचं की आता पुढच्या नंबरच्या पेपरवर जायला हरकत नाही, त्याआधी गेलात तर सगळी मेहनत वाया. शेवटी पाठ पुन्हा घासून बर काढायची आणि जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा पट्टीवर चिकटवून त्याला हिरवं पॉलिशिंग कंपाउंड लावून त्यावर मागे ओढत आठ-दहा वेळा फिरवायची.

धार लागली का हे कसं बघायचं? पाईनचा तुकडा घ्या, पॅकिंगच्या खोक्याचा चालेल, आणि त्याच्या टोकाकडून, म्हणजे रेषा जिथे उभ्या कापल्या जातात तिथून एक पातळ काप काढा. बोथट पटाशी तिथे लाकूड चिरडते, पांढरे ठिपके राहतात. धारदार असेल तर पृष्ठभाग चकचकीत निघतो, मेणासारखा. पाईन मऊ असल्यामुळे फसवत नाही. आणि आपल्याकडे हे सगळं जास्तच गरजेचं आहे कारण आपण सागवान वापरतो, सागात सिलिका असते, ती पातं भराभर बोथट करते. म्हणून बोथट झाल्यावर नाही, व्हायच्या आधी धार लावायची, धारेची काच बेंचजवळच कायम मांडून ठेवली की आळस होत नाही.

हत्यारं सुरुवातीला किती? पटाश्या चार, ६, १२, १८ आणि २५ एमएम. एक लोखंडी रंधा, चार नंबर किंवा पाच नंबर. चार नंबर दहाएक इंची असतो, सफाईचा, आणि पाच नंबर १४ इंची, एकच घेणार असाल तर पाच घ्या, लांब असल्यामुळे तो फळी सरळ पण करतो. स्वस्त लोखंडी रंध्याचा तळ काचेवर ८० नंबरचा पेपर चिकटवून सपाट करून घ्या. आपला पारंपरिक लाकडी रंधा पण मला फार प्रिय आहे, तो लाकडावरून ज्या मऊपणे सरकतो ते लोखंडीत नाही. त्याला स्क्रू वगैरे काही नसतो, पात्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका टोला दिला की पातं खाली उतरतं, रंध्याच्या मागच्या टोकाला टोला दिला की पातं वर येतं आणि पाचर सैल होते. दोन-चार दिवसात हात बसतो. करवत एक जपानी पद्धतीची, ओढताना कापणारी, तिचं पातं पातळ असतं आणि नवख्या हातालाही रेघेवर चालते. मग गुण्या (काटकोन बघायला), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायला), मार्किंगसाठी धारदार सुरी, स्टीलची फूटपट्टी, मोगरी. गुण्या दुकानातच तपासा, प्लायच्या सरळ कडेला लावून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून परत रेघ मारा, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तरच घ्या. पुण्यात हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं आणि वेळ असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, जुन्या पटाश्यांचं पोलाद कधीकधी नवीनपेक्षा सरस निघतं. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच.

क्लँप मात्र जमेल तसे घेत राहा. चिकटवायच्या वेळी कायम एक कमी पडतो.

लाकडाबद्दल तर मी तासभर बोलू शकते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात की सागवानाचेच इतके प्रकार ऐकू येतात की गोंधळायला होतं. सीपी टीक म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या भागातला साग, आपला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा बल्लारशा, आल्लापल्लीचा माल त्यातलाच आणि त्याचं नाव मोठं आहे, अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ साली लाकूड तिकडूनच गेलं. बर्मा टीक म्हणून जे सांगतात ते जपून, म्यानमारने २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. आणि बाकी घाना, इक्वेडोर, कोलंबिया इथून येणारा लागवडीचा साग, तो लवकर वाढवलेला असतो, त्याच्या रेषा रुंद असतात आणि पांढरा भाग जास्त असतो. हा पांढरा भाग म्हणजे झाडाचा बाहेरचा, कच्चा भाग, याला भुंगा आणि वाळवी दोन्ही लागतात, आतल्या पक्क्या सागाला सहसा लागत नाहीत. फळी निवडताना ते बघा.

भाव घनफुटावर असतो आणि हिशोब स्वतः करता आलाच पाहिजे. लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. म्हणजे ८ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी असेल तर ७२ भागिले १४४, अर्धा घनफूट. फळी घेताना एक डोळा मिटून टोकाकडून बघा, बाक आहे का, पीळ आहे का. बाक रंध्याने काढता येतो, पीळ काढताना अर्धी फळी भुशात जाते.

पण माझ्या मते पुण्यात राहून नवीन साग घ्यायची घाई करू नये, कारण पेठांमधले वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचं लाकूड विकायला येतं, तुळया, खांब, चौकटी, दारं. शंभर वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड, ते नवीन ओलसर लाकडासारखं आक्रसत किंवा वाकत नाही. वाडा पाडताना बघून जीव तुटतो हे खरंच आहे, पण ते लाकूड कुणाच्या तरी पाणी तापवायच्या बंबात जाण्यापेक्षा त्याचं टेबल झालेलं बरं असं मला वाटतं. माझ्या बेंचचे पाय तसल्याच एका तुळईचे आहेत. ती आणली तेव्हा काळीकुट्ट होती, धुराचा थर, त्यावर चुना, एका बाजूला ऑइलपेंट. असं लाकूड आणलं की पहिलं काम लोहचुंबक घेऊन बसायचं, इंच इंच फिरवायचं, जिथे ओढ लागेल तिथे खडूने गोल करायचा. खिळे निघतातच, आणि जुन्या तुळयांमधले काही खिळे हाताने घडवलेले, चौकोनी अंगाचे असतात, जंबूर लावून ओढले की कुरकुरत बाहेर येतात आणि भोकाभोवती निळसर काळा डाग राहतो, तो जात नाही, राहू द्यावा. मग वायर ब्रशने माती आणि वाळूचे कण झाडून काढायचे नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच झटक्यात जातं. जुना रंग पॉलिश पेपरने घासू नका, त्यात शिसं असू शकतं, मास्क लावून स्क्रेपरने काढा आणि तो कचरा वेगळा बांधून टाका. एवढं झालं की रंधा. पहिले दोन-तीन ढलपे राखाडी निघतात, मग तपकिरी, आणि मग अचानक खालून तो मधासारखा पिवळा रंग येतो आणि सागाचा तो तेलकट, थोडा कातड्यासारखा वास सगळ्या खोलीत पसरतो. इतक्या वर्षांनी आत अजून तेल आहे! मला दरवेळी तितकंच भारी वाटतं.

एक अडचण आहे, सॉ मिलवाले जुनं लाकूड कापायला नाखूश असतात, एक खिळा राहिला तर त्यांच्या करवतीचा पट्टा जातो. चुंबकाने तपासून खिळे काढून न्या आणि तसं सांगा, मग तयार होतात.

आता मशीन. पहिलं ड्रिल, ते बहुतेक घरात असतंच. मग सर्क्युलर सॉ, ७ इंची, तिच्यासोबत अॅल्युमिनियमचा सरळ चॅनल क्लँप करून वापरली की प्लाय अगदी सरळ कापली जाते. मग छोटा ट्रिमर राउटर, कडा गोल करायला आणि खाचा पाडायला. टेबल सॉ, प्लेनर हे खूप नंतर, आणि कदाचित कधीच नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आपल्याकडे साइटवर मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून तो प्लायच्या फळीखाली उलटा बसवतात आणि त्याचं टेबल सॉ करतात. ना गार्ड, ना मागे फाट उघडी ठेवणारा रायव्हिंग नाइफ, आणि ते मशीन मिनिटाला दहा हजारापेक्षा जास्त फेरे घेतं. लाकूड ब्लेडला चावलं की ते उलटं अंगावर येतं आणि हात कुठे जाईल सांगता येत नाही. कारागिरांना पोटासाठी ते करावं लागतं आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांची बोटं गेलेली आपण बघतो. आपण हौसेसाठी काम करतोय, आपण ते अजिबात करू नये. कटर मशीनवर हातमोजे, मोकळी ओढणी, लांब बाह्या यातलं काही नको, केस बांधलेले हवेत.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वर्कशॉपला वेगळी लाईन, ४ स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपियरचे सॉकेट, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की लाईन तोडणारा) आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाईन तोडणारा). सर्क्युलर सॉ १२०० वॅटची असली तरी सुरू होताना झटक्यात बराच जास्त करंट खेचते, टीव्हीच्या सॉकेटवर एक्स्टेंशन लावून ती चालवायची नसते.

आणि भुसा. लाकूड आहे, नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय असं म्हणणारे खूप भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, १९९५ मध्येच. जाड ढलप्यांची भीती नाही, पॉलिश पेपर आणि मशीनमधून उडणारी बारीक धूळ जी दिसतही नाही तिची भीती आहे. सँडिंगला एन९५ मास्क पाहिजेच, नुसता रुमाल नको. मशीनला व्हॅक्यूम जोडा, एक एक्झॉस्ट फॅन लावा आणि काम संपल्यावरही थोडा वेळ मास्क राहू द्या कारण ती धूळ हवेत तरंगत असते. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेलं बोर्ड) तर मी घरात कापतच नाही.

पावसाळ्यात दोन कामं वाढतात. हत्यारांना गंज, त्यावर शिलाई मशीनचं तेल कापडाने पातळ पुसायचं आणि कपाटात जुना २५ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा, उबेने ओल धरत नाही (कोकणात तर हे हवंच). आणि लाकूड फुगतं, रुंदीत, लांबीत नाही. जुलैमध्ये ड्रॉवर घट्ट बसवला तर उन्हाळ्यात सैल होतो, उन्हाळ्यात घट्ट बसवला तर जुलैत उघडतच नाही, तेवढी फट ठेवून माप घ्यायचं. साग कमी हलतो, आंबा आणि बाभूळ जास्त. फळ्या जमिनीवर न ठेवता भिंतीवरच्या रॅकवर ठेवा, मध्ये पट्ट्या घालून, हवा फिरली पाहिजे, आणि वाळवीलाही तेवढा अडथळा.

पहिलं काम म्हणून मोगरी करा, मग पाट, मग चौरंग. पाटात रंधा, करवत, पटाशी तिन्ही येतात आणि घरात वापरला जातो. पोळपाट केलात तर त्याला रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल लावू नका, त्यात सुकवणारी रसायनं असतात, खाण्याच्या वस्तूला कोरडं लाकूडच ठेवा किंवा फूड ग्रेड मिनरल ऑइल लावा. इतर सगळ्याला जवसाचं तेल सुंदर दिसतं, पण ते पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. भुशाने भरलेल्या खोलीत ते काय करेल याची कल्पना करा. फडकं बाहेर तारेवर एकपदरी वाळत घाला, पूर्ण कडक झालं की मग कचऱ्यात, किंवा लगेच पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा. माझ्याकडे त्यासाठी झाकणाचा एक पत्र्याचा डबा शटरच्या बाहेरच ठेवलाय.